चांदीच्या झांजा

स्पीकरच्या पेट्यांतल्या ट्वीटरच्या तारा मी काढल्या होत्या. त्या आपोआप सुटल्या नव्हत्या, सोल्डर कच्चं राहिलं नव्हतं, उंदरानंही कुरतडल्या नव्हत्या. रविवारी सकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या जैन मंदिरात, बस्तीत, अभिषेकाला गेले असताना मी दोन्ही पेट्यांच्या पाठीचे स्क्रू खोलले, दोन्ही ट्वीटर सोडवले, तारांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि फळ्या पुन्हा पहिल्यासारख्या बसवल्या. त्या दिवशी मला वाटत होतं की आपण फसवले गेलो आहोत, आणि फसवल्या गेलेल्या माणसाला एवढं करायचा अधिकार असतो. फसवला गेलो होतो हे मी आजही नाकारत नाही. अधिकाराचं मात्र चुकलं.

आमचं घर कसबा बावड्यात, जिथं वस्ती संपून ऊस सुरू व्हायचा तिथं. गळीत हंगामात मळीचा आंबूस वास दोरीवरच्या कपड्यांत बसायचा आणि शाळेत मुलं नाक न लावता ओळखायची की हा बावड्याचा. आम्ही जैन. मूळ घर कर्नाटकाच्या सीमेकडचं, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणायचो. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची घरची रीत होती. आण्णा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत कामाला होते, आणि सुट्टी झाली की सायकल मारत यायचे ते सूर्याशी पैज लावल्यासारखे. अंगणात शिरतानाच "पाणी काढ, पाणी काढ" अशी हाक असायची. अव्वाच्या तव्यावर ज्वारीची शेवटची भाकरी फुगलेली असायची, ताटात मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. कांदालसूण घरात नसल्यानं शेजारचा विन्या आमच्या आमटीला 'पेशंटची आमटी' म्हणायचा आणि दोन वाट्या प्यायचा. जेवणं अशी लवकर झाल्यामुळं आमच्या घरातली संध्याकाळ फार लांब असायची. आजूबाजूला फोडण्यांचे आवाज सुरू व्हायचे तेव्हा आमच्या सोप्यात भांडी घासून पालथी पडलेली असायची आणि कॅसेट लागलेली असायची. माझे सगळे स्पीकर त्या लांब संध्याकाळींत तयार झाले.

आण्णा फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, त्याला फेटलिंग म्हणतात. तो आवाज मी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा ऐकला होता आणि घरी येईपर्यंत दातांत राहिला होता. पण आण्णांचं आमच्या भागात नाव होतं ते कानासाठी. बस्तीत बाजाची पेटी कोणी वाजवायला घेतली की चार सुरांत ते सांगायचे, ह्या पट्टीचा सूर उतरलाय. भाद्रपदात दशलक्षणाचे दहा दिवस पूजेची गाणी सांगायला तेच पुढं बसायचे. आवाज मोठा नव्हता, पण सुरात असा चपखल बसायचा की मागचे शंभर जण आपोआप सुरात यायचे. फाउंड्रीत ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. त्या दहा दिवसांत मात्र बायका पोरांना दाखवायच्या, ते बघ आण्णा.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. विन्या माझ्याच वर्गात, पण त्याचा जीव गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीत. "छाती हालली पायजे लेका, छाती," तो म्हणायचा. "तुझं ते घरातलं चिरचिर काय कामाचं?" मला मात्र माणसाचा आवाज खोलीत माणसाएवढाच उभा करायचा होता. त्यासाठी क्रॉसओव्हर लागतो. जाड आवाज मोठ्या वूफरकडं आणि बारीक आवाज छोट्या ट्वीटरकडं धाडायचा, एवढंच त्याचं काम. अव्वाला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे चाळणीच की." चाळणीच; पण तिच्या भोकांचा आकार ठरवण्यात माझं सगळं तरुणपण गेलं. एक कॉइल, एक कपॅसिटर, एखादा रेझिस्टर. ह्यातलं एक इकडंतिकडं झालं की गाणाऱ्या बाईला सर्दी होते, नाहीतर ती पत्र्याच्या डब्यातून गाते.

कॉइल मी घरीच गुंडाळायचो. शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानातून तांब्याची तार आणायची आणि प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर वेढे घालायचे. वेढे मोजायचं काम अव्वाचं, आणि ती ते जपमाळेवर मोजायची. मी एक वेढा घालायचा, तिनं एक मणी ओढायचा. "अव्वा, नुसतं मोज, मंत्र म्हणू नको, वेळ जातोय," असं मी म्हटलं तर ती म्हणायची, "नाव घेतल्याबिगर मणी कसा वढू? तुझ्या डब्यासाठनं पाप घेऊ व्हय डोक्यावर?" त्यामुळं आमच्या प्रत्येक वेढ्यात एक नवकार असायचा. पुढं मला भल्या भल्या कंपन्यांच्या कॉइल हाताळायला मिळाल्या, पण दीड माळेची कॉइल म्हटलं की तिचं माप किती हेन्री ते मला अजूनही बोटांत कळतं.

आणि ह्या सगळ्याचा न्याय आण्णांच्या कानाकडं. मापायचं काही साधन माझ्याकडं नव्हतं. चटई टाकून ते समोर बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे. मी एक एक भाग बदलत जायचो आणि ते सांगत जायचे. एकदा म्हणाले, "बाई वर चढताना एका पायरीवर पाय घसरतोय बघ तिचा. दर येळंला तिथंच." मी आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी ट्वीटरच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि तो खड्डा भरून निघाला. बाई सरळ वर चढून गेली. आण्णांनी डोळे उघडले आणि मांडीवर थाप मारली. त्या थापेसारखं बक्षीस मला नंतर कुठंही मिळालं नाही. पण पाठोपाठ त्यांचं एक दुसरं टुमणं सुरू झालं. "झांज कुठाय? झांज दिसंना. वरचं दबलंय, सोड जरा." ट्वीटरला आवर घालणारा रेझिस्टर मी लहान केला. "अजून." आणखी लहान केला. "अजून जरासं." मला स्वतःला ते कानाला बोचायचं. पण मी म्हणायचो, आपला कान कच्चा आहे, त्यांचा पक्का. बोचणारं ते गाण्यातलं बारकं काम असणार, आपल्याला अजून त्याची सवय नाही.

अशा तीन जोड्या मी केल्या. तिसरी आमच्या डॉक्टरांसाठी होती. ते संगीताचे शौकीन, त्यांच्या दिवाणखान्यात चांगली मंडळी गाणं ऐकायला जमायची. तिथं आपली पेटी वाजणार म्हणून मी त्या प्लायवुडला आठवडाभर पॉलिश केलं होतं. महिन्याभरात डॉक्टरांनी जोडी परत केली. स्वतः आले आणि फार मऊपणानं बोलले. म्हणाले, "सुकुमार, मेहनत दिसते रे. पण अर्ध्या तासात कानात टाचणी घुसल्यासारखं होतं. पाहुणे उठून व्हरांड्यात जाऊन बसले." आधीच्या दोन जोड्या ज्यांनी घेतल्या होत्या त्यांच्याकडं मग मी चौकशी केली. एकानं पेटीच्या तोंडावर उशी बांधली होती. दुसऱ्यानं खरं सांगितलं, "न्हाय लावत आम्ही. बाळ रडतंय त्यानं."

मी कॉलेजच्या लॅबमधून सरांच्या परवानगीनं ऑसिलेटर घरी आणला. हे एकच सूर काढणारं यंत्र. बटण फिरवत गेलं की सूर घुमण्यापासून शिट्टीपर्यंत चढत जातो. आण्णांना समोर बसवलं आणि विचारत गेलो, "येतंय?" "येतंय की." आणखी वर. "येतंय?" "येतंय." शिट्टी बारीक होत गेली, माझ्या कपाळावर आठी पडली, आतल्या खोलीतून अव्वा ओरडली, "आरं बंद कर ते, डोकं उठलं." त्या दिवशी आण्णांनी डोळे मिटले नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मला काय सुचलं कोण जाणे. मी कपाळावरची आठी तशीच ठेवली आणि हळूच ऑसिलेटरची पिन उपसली. सोप्यात काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

"आता? आता येतंय?"

"येतंय," आण्णा म्हणाले. "बारीक हाय, पण येतंय."

ज्या कानावर मी तीन जोड्या बेतल्या, स्वतःच्या कानाला खोटं ठरवून बेतल्या, तो कान नव्हताच. डोळे उघडले की आधी माझा चेहरा वाचून ते सांगत होते. मी रेझिस्टर लहान केला की मी उत्सुक दिसत असणार, म्हणून "बरं झालं, अजून जरासं." मी उठलो आणि आत अव्वाकडं गेलो. ती तांदूळ निवडत होती. "आण्णांना वरचं ऐकू येत नाही, तुला माहीत होतं?" मी विचारलं. तिनं सुपातून मान वर केली नाही. "संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा कान कळत न्हाय व्हय? चार वर्सं झाली, मी समोर गेल्याबिगर बोलत न्हाय त्यांच्याशी." मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांनी सांगायचं ते. मी का सांगू?" म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून. मणी ओढणाऱ्या हातालाही माहीत होतं की हे वेढे फुकट चाललेत. तो राग घेऊन मी आठवडाभर त्याच घरात, त्याच ताटात जेवलो आणि कुणाला दिसू दिला नाही.

रविवारी आमच्याकडं गाणं ऐकायला माणसं यायची. त्या रविवारी मी डॉक्टरांनाही मुद्दाम बोलावलं, जोडी सुधारली आहे म्हणून. बस्तीतले तीन-चार जण, विन्या, दारात शेजारच्या बायका. अव्वानं सगळ्यांना भडंग आणि ताक दिलं. मी एका भजनाची कॅसेट लावली, मागं झांजा होत्या. म्हणजे कॅसेटवर होत्या. पेटीतून निघत होता तो घोंगडीखाली गुदमरलेला आवाज. विन्यानं माझ्याकडं भुवया उडवून पाहिलं. डॉक्टरांनी मान जराशी तिरकी केली. कुणी बोललं नाही, कारण पहिल्यांदा बोलायचा मान आण्णांचा. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली, डोळे मिटले, थोडा वेळ डोलले आणि म्हणाले, "आत्ता जमलं! वरचं सगळं मोकळं झालं बघा, डॉक्टर."

तिथं मी थांबू शकत होतो. कॅसेट बंद करून काहीतरी बिघडलंय म्हणू शकत होतो. मी थांबलो नाही. मी गोड आवाजात, अगदी समोर जाऊन, विचारलं, "आण्णा, झांजा कशा वाटतात?"

"चांदीच्या," आण्णा म्हणाले. "चांदीच्या झांजा."

मग मी ट्वीटरकडं बोट दाखवलं. "आण्णा, हे जोडलेलंच न्हाय. दोन्ही पेट्यांत. सकाळीच काढून ठेवलंय."

आधी कुणालाच कळलं नाही. मग विन्या फिस्सकन हसला. "आयला आण्णा, मग चांदी कुठनं आली ओ? डब्यात तर न्हाय!" दारातल्या बायका हसल्या, बस्तीतले दोघं हसले, आणि खरं सांगायचं तर मला त्या हसण्यानं बरं वाटलं. डॉक्टर तेवढे म्हणाले, "सुकुमार, बंद कर ते." आण्णा सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होते, कोण काय बोलतंय ते ओठांवरून ओळखत. कळलं तेव्हा त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि अव्वाला म्हणाले, "नळाला पाणी आलं का बघतो." पाणी यायची वेळ नव्हती. ते मागच्या दारानं गेले. अव्वानं ताकाचे पेले गोळा केले, अर्धे भरलेलेसुद्धा.

कोल्हापुरात गोष्ट पायानं चालत नाही, सायकलवर बसून जाते. विन्याच्या मनात विष नव्हतं, पण त्याला सांगायला विनोद मिळाला होता. पुढच्या आठवड्यात पानाच्या टपरीवर "काय चांदीच्या झांजा, बरं हाय न्हवं?" सुरू झालं. त्या वर्षीच्या दशलक्षणात पहिल्या दिवशी आण्णा नेहमीच्या जागी पुढं बसले. गाणं सुरू करणार तोच मागून कुणीतरी झांज एकदा वाजवली आणि म्हणालं, "आण्णा, ही चांदीची का पितळेची, सांगा की." बस्तीत हशा झाला. आण्णाही हसले. त्या दिवशीची सगळी गाणी त्यांनी म्हटली, एक सूर इकडंतिकडं न होऊ देता. कारण सुराचा त्यांचा कान शाबूतच होता, गेला होता तो फक्त वरचा पट्टा. दुसऱ्या दिवशी ते मागं खांबाजवळ बसले. तिसऱ्या दिवशीही. कुणीतरी बोलवायला गेलं तर म्हणाले, "नव्या पोरांना सांगू द्या की." त्यानंतर ते कधीही पुढं बसले नाहीत. घरी कॅसेट लागली की ते घरामागच्या गोठ्याकडं जायचे. अव्वा पुन्हा वेढे मोजायला बसली नाही. मी बोलावलंही नाही. चौथ्या जोडीपासून मी स्वतःच्या कानानं आणि यंत्रानं काम केलं. ती जोडी सगळ्यांना आवडली. डॉक्टरांनी ठेवून घेतली. पुढं हाच माझा धंदा झाला, आणि लोक म्हणतात तुमच्या पेटीचा आवाज टोचत नाही.

आमच्याकडं दशलक्षण संपलं की क्षमावाणी असते. वर्षभरात जाणता-अजाणता जे घडलं त्याबद्दल सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. ज्याच्याशी भांडलात त्याची आणि ज्याला वर्षभर पाहिलंही नाही त्याचीही, एकाच शब्दांत. फार सुंदर रीत आहे. मी तिच्या आडोशाला किती वर्षं लपलो! दर वर्षी आण्णांच्या पायाला हात लावून मी "उत्तम क्षमा" म्हणालो, दर वर्षी त्यांनी डोक्यावर हात ठेवून तेच म्हटलं, आणि दर वर्षी घरी येताना मी मनाशी म्हणालो, मागितली की, आणखी काय करायचं असतं? नाव न घेता मागितलेली क्षमा कुठल्याही अपराधाला लागू पडते. म्हणून ती इतकी सोपी जाते.

आता अव्वा नाही. आण्णा ऐंशीच्या पुढं आहेत, आणि वरचा पट्टाच काय, खालचंही फारसं उरलेलं नाही. यंदाच्या क्षमावाणीला बस्तीच्या आवारात मी वाकून म्हणालो, "आण्णा, उत्तम क्षमा." "आं?" मी मोठ्यानं म्हणालो. "व्हय, पण कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. भोवतालचे हसले. एक जण म्हणाला, "आण्णा, रीत हाय ती. कशाबद्दल काय इचारतासा!" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल म्हंजे कशाबद्दलच न्हाय," आण्णा म्हणाले. रीतीप्रमाणं डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडं वळले. त्यांना काही सुचवायचं होतं का, की नुसता म्हातारपणीचा स्पष्टपणा होता, मला माहीत नाही. पण नंतर मला त्या दोन शब्दांचा आडोसा घेता येईना.

काही दिवसांनी एका सकाळी ते कट्ट्यावर उन्हात शेंगा फोडत बसले होते. पलीकडं विन्या, आता नातवंडांचा आजोबा, पाइप लावून गाडी धूत होता. मी शेजारी बसलो. "आण्णा, मशीन घाला की कानात." "नको. लोक म्हणत्यात शिट्टी मारतंय. मला काय, नुसतं टोचतंय. तू बोल, मोठ्यानं बोल." क्षमा मागायला म्हणून गेलो होतो, आणि तोंडातून निघाला तो जुना राग. "आण्णा, तेव्हा ऐकू येत नव्हतं तर मला सांगितलं का न्हाय? पिन काढलेली असताना येतंय म्हणालात."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "कान गेल्यात म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिवसापासनं त्या चटईवर विन्या बसला असता की. संध्याकाळी तेवढंच काय ते तू माझ्याशी बोलायचास. खोटं बोललो, ते बोललो. ते माझं चुकलं."

इतकं सरळ. मी हळू आवाजात सुरुवात केली, तर ते माझ्या ओठांकडं बघत म्हणाले, "आं? मोठ्यानं बोल म्हटलं न्हवं?" म्हणून मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि ओरडलो. विन्यानं पाइपचं पाणी बंद केलं. समोरच्या दारात कोणी कोणी येऊन उभं राहिलं. मी थांबलो नाही.

"आण्णा, त्या रविवारी तारा मी मुद्दाम काढल्या. तुम्ही फसताय हे दिसत असताना झांजांचं मी विचारलं. लोकांनी तुम्हाला हसावं म्हणून विचारलं. बस्तीतलं तुमचं गाणं माझ्यामुळं बंद पडलं. ह्याबद्दल, आण्णा. दुसऱ्या कशाबद्दल न्हाय, ह्याबद्दल मला क्षमा करा."